डन्बरचे अर्ज आणि अकरा वर्षांचा आर्चबिशप

‘स्कॉटलंडमध्ये बिशप पोप नेमायचा, मग पाद्री राजाच्या मागे का लागत?’ या प्रश्नाबद्दल थोडं. कागदावर पोपच नेमायचा, खरं आहे. पण १४८७ साली पोप आठव्या इनोसंटने स्कॉटलंडचा राजा तिसऱ्या जेम्सला सवलत दिली: चर्चमधली मोठी जागा रिकामी झाली की आठ महिने थांबायचं, तेवढ्यात राजाने नाव सुचवायचं. मग काय, रोमचा रस्ता एडिंबरातूनच, म्हणजे राजाच्या दरबारातूनच जाऊ लागला.

यातला माझा लाडका उमेदवार म्हणजे कवी विल्यम डन्बर. चौथ्या जेम्सच्या दरबारात होता, स्वतः धर्मगुरू होता, आणि चर्चमधली उत्पन्नाची जागा मिळावी म्हणून चक्क कवितेतून अर्जावर अर्ज करायचा. कधी विनवणी, कधी टोमणे. राजाकडून मिळणारी वार्षिक पेन्शन वाढत गेली: १५०० मध्ये १० पौंड, १५०७ मध्ये २०, १५१० मध्ये ८०. तीही ‘योग्य जागा मिळेपर्यंत’!

आणि त्याच राजाने १५०४ मध्ये सेंट अँड्र्यूजचं आर्चबिशपपद, म्हणजे स्कॉटलंडच्या चर्चमधली सर्वोच्च जागा, कोणाला दिलं? स्वतःच्या अनौरस मुलाला, अलेक्झांडरला. वय साधारण अकरा. (पुढे त्याला शिकवायला इरॅस्मससारखा नामवंत विद्वान होता, हे मान्य.) बिचारा १५१३ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या फ्लॉडनच्या लढाईत बापाबरोबरच मारला गेला. पाचव्या जेम्सने तर अनौरस पोरांना मठच वाटले: केल्सो, मेलरोझ, होलीरूड.