कोरियातले देवाचे डोंगर : तुमचे अनुभव

रानवाट
भाचीची बारावी जवळ आलीय, ताईने गुरुचरित्राचं पारायण धरलंय. काल फोनवर ती बोलत होती आणि मला कोरियातल्या देगू शहराजवळचा पालगोंगसान डोंगर आठवला. त्याच्या ८५० मीटर उंचीच्या एका शिखरावर गातबावी आहे. भैषज्यगुरू (आजार बरे करणाऱ्या) बुद्धाची दगडी मूर्ती, नवव्या शतकातली, सुमारे ४ मीटर उंच. डोक्यावर सपाट शिळा, अगदी पदवीदानाच्या टोपीसारखी, म्हणून परीक्षार्थींच्या आया इथे येतात. नोव्हेंबरात सुनुंग असते, त्यांची प्रवेशपरीक्षा. इंग्रजी श्रवणाचा पेपर चालू असताना विमानंसुद्धा उतरवत नाहीत! त्याआधी वर पाय ठेवायला जागा नसते. मनापासून मागितलेली एक इच्छा पुरी होते म्हणतात. एक बाई मुलाचा फोटो पुढ्यात ठेवून नमस्कार घालत होत्या. गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला लावायचं, उठायचं, परत तेच. पाय थरथरत होते पण थांबल्या नाहीत. माझेच डोळे भरून आले.
कोण कोण गेलंय? लिहा.

मीनल_पुणे
सोलचा इनवांगसान!! उंची ३३८ मीटरच, दोंगनिम्मुन मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. आत शिरलो तर कुकसादांग नावाच्या देवळातून ढोल-झांजा. मुदांगचा (अंगात येणाऱ्या पुजारणीचा) विधी चालू होता. आपल्याकडच्या जागरण-गोंधळाइतकाच जिवंत. हे देऊळ आधी सोलच्याच नामसान डोंगरावर होतं. तेव्हा राज्य करणाऱ्या जपान्यांनी तिथे आपलं शिंतो देवस्थान उभारलं आणि १९२५ मध्ये याला तिथून उठावं लागलं. लोकांनी इथे आणून पूजा चालू ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. वर सनबावी नावाचा खडक आहे, झगा घातलेल्या भिक्षूसारखा. मूल व्हावं म्हणून बायका तिथे येतात. फोटो काढू नका कृपया, कुणाचं तरी गाऱ्हाणं चाललेलं असतं.

आजोळ
चढ किती आहे गं? मला गुडघ्यांचा त्रास.

रानवाट
काकू, गातबावीला पायऱ्याच पायऱ्या. पण सत्तरीच्या आज्या काठी घेऊन चढतात, सावकाश जमेल.

सह्यभटक्या
गांगह्वा बेटावरचा मानिसान, ४७२ मीटर. माथ्यावर चामसंगदान, दगडी वेदी, कोरिया स्थापणाऱ्या दंतकथेतल्या राजा तांगुनची. त्यांच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेची ज्योत इथेच पेटवतात. ३ ऑक्टोबरला, त्यांच्या राष्ट्रस्थापनेच्या दिवशी, तेबेकसान डोंगरावरच्या चन्जेदान वेदीवरही आकाशाची पूजा होते. तिथे मी ऐन हिवाळ्यात गेलो होतो, वारा असा की बोटं वळेनात.

कोकणची_पोर
मी गेले नाहीये, पण गातबावीचं वाचून रडले. माझ्या आईने माझ्या परीक्षांना सोळा सोमवार केले होते. आता ती नाही.

मीनल_पुणे
❤️ आईचे सोमवार कुठे जात नाहीत गं.

आजोळ
तिकडे शाकाहारी माणसाचं काय होतं? आमचा नातू जाणार आहे शिकायला.

रानवाट
काकू, बौद्ध मठांतलं जेवण शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. चातुर्मासवाल्यांना एकदम चालेल.

कोकणची_पोर
लसणाशिवाय किमची (त्यांचं कोबीचं लोणचं) होते?? कशी?

रानवाट
होते की. कोबी मिठात ठेवायचा, मग लाल मिरचीची भुकटी, आलं, सोया सॉस. लेक शाळेतून आला, बाकीचं रात्री टाकते.