मदत हवी आहे : सिंथेटिक ऑइलमध्ये साधे ऑइल ओतले गेले आहे, सगळे काढून टाकावे का?

घाटवाट :
रविवारी कणकवलीहून कोल्हापूरला परतताना फोंडा घाटात एका वळणावर ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागून विझला आणि पुढच्या वळणावर पुन्हा तेच झाले. राधानगरीत दुकानात विचारले, तर तिथे फक्त साधे मिनरल (खनिज) २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल मिळाले; माझ्या गाडीत सिंथेटिक ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑइल आहे. नाइलाजाने तेच ओतून घरी आलो. आता शेजारचे काका म्हणतात की ही दोन ऑइल एकत्र आली की दूध नासावे तसे आत गोळे धरतात आणि इंजिन बसते. शनिवारी पहाटे पुण्याला निघायचे आहे. कृपया हो की नाही एवढेच सांगावे.

शिरोलीकर :
गाडी पेट्रोल की डिझेल, किती किलोमीटर झाले, किती ऑइल ओतले आणि मागचे ऑइल कधी बदलले, यातले काहीच आपण लिहिलेले नाही. हो-नाही कशाच्या आधारावर सांगायचे?

ऊसवाला :
आमच्या विहिरीवरच्या ऑइल इंजिनात वडिलांनी आयुष्यभर ४० नंबरचे ऑइल घातले, आणि ते संपले की ज्या डब्यात जे असेल ते ओतले. ते इंजिन अजून पाणी ओढते आहे. सिंथेटिक हे विकणाऱ्यांनी काढलेले खूळ आहे. बिनधास्त जावे.

शिरोलीकर :
विहिरीवरचे एका सिलिंडरचे इंजिन संथ गतीने एकाच वेगावर चालते. हल्लीच्या अनेक मोटारींमध्ये व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते आणि तिच्या वाटा फार बारीक असतात. हा दाखला इथे उपयोगाचा नाही.

जुना प्रयोगवही :
नासण्याची भीती निराधार आहे. दुकानात सेमी-सिंथेटिक म्हणून जे मिळते, ते याच दोन प्रकारच्या ऑइलचे मिश्रण असते. पॉलिग्लायकॉलवर आधारलेली काही तेले खनिज तेलात मिसळत नाहीत हे खरे आहे, परंतु मोटारीच्या इंजिनासाठी सर्रास विकली जाणारी सिंथेटिक ऑइल त्या जातीची नसतात, आणि एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) परवाना असलेली इंजिन ऑइल एकमेकांत मिसळली पाहिजेत ही तर परवान्याचीच अट आहे. नुकसान होते ते वेगळे : मिश्रण मूळ ५डब्ल्यू-३० पेक्षा जाड होते आणि उष्णतेत टिकण्याचा सिंथेटिकचा गुण काही प्रमाणात कमी होतो. कोल्हापूरच्या हवेत गाडी थंड असताना सुरू करायला अडचण यावी इतकी थंडी पडत नाही. म्हणून एवढ्यावरून इंजिन बिघडणार नाही, मात्र ऑइल बदलण्याची मुदत मिनरलच्या हिशेबाने धरावी.

रंकाळा राउंड :
मोटारसायकलमध्ये मात्र मोटारीचे ऑइल कधीही घालू नये. तिथे क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि मोटारीच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे तो घसरतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची जपानी मानके) लिहिलेले आहे का, ते पाहावे.

घाटवाट :
मी मोटारसायकलबद्दल विचारलेले नाही. असो. गाडी पेट्रोल आहे, टर्बो नाही, ६८ हजार किलोमीटर झाले आहेत. एक लिटरचा डबा घेतला, त्यातले थोडे शिल्लक आहे. ऑइल आणि फिल्टर तीन आठवड्यांपूर्वीच उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये बदलले आहेत, त्यामुळे पुन्हा खर्च करणे जिवावर येते.

स्वच्छ इंजिन :
फ्लश करून, म्हणजे सफाईचे द्रव घालून इंजिन आतून धुऊन घ्यावे. मी दर वेळी करतो. त्याशिवाय जुन्या ऑइलचा अंश आत राहतोच.

जुना प्रयोगवही :
अंश राहिला तरी तो मिसळूनच जातो, हे वर लिहिले आहे. उलट ६८ हजार चाललेल्या इंजिनात फ्लशमुळे साचलेली मळी सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकते.

शिरोलीकर :
फ्लशचा वाद बाजूला ठेवा. तीन आठवड्यांत जवळपास एक लिटर ऑइल गेले कुठे, हे कोणीच का विचारत नाही? लाल दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो. चेंबरमधले, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातले, ऑइल फार कमी झाले की वळणावर ते एका बाजूला जाते आणि पंप हवा ओढतो. म्हणूनच तो आपल्याला वळणावरच दिसला. राधानगरीत ओतल्यानंतर ऑइल मोजायच्या पट्टीवर पातळी किती होती? गाडी सपाट जागी लावून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे थांबून आज पुन्हा पाहा आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा.

घाटवाट :
दुकानदाराने पट्टी पुसून दाखवली होती, तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्या किंचित खाली होते. आज ते दोन खुणांच्या बरोबर मध्ये आहे. हे मलाही अपेक्षित नव्हते. पुठ्ठा टाकला आहे.

घाटवाट :
सकाळी पुठ्ठ्यावर बशीएवढा काळपट डाग होता आणि त्याच्या मधोमध ओला थेंब चमकत होता. त्याच्या बरोबर वर चेंबरचा ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल काढायचे बूच आहे. बोट फिरवले तर ऑइल लागले आणि प्लगखालचे वॉशर एका बाजूने चेपलेले दिसले. गॅरेजवाल्यांनी जुनेच वॉशर पुन्हा बसवले असावे. त्यांना फोन केला, तर घाटात दगड लागला असेल असे उत्तर मिळाले.

शिरोलीकर :
दगडाने प्लगला किंवा चेंबरला ओरखडा पडला असता, वॉशर चेपले नसते. आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. वॉशर बदलण्यासाठी प्लग काढावाच लागणार, म्हणजे ऑइल निघणारच. तेव्हा नवे ५डब्ल्यू-३० भरा. फिल्टर तीन आठवड्यांचाच आहे, तो राहू द्या. प्लग हाताने रेटून न आवळता टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने), पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळायला सांगा, नाहीतर चेंबरचे आटे जातील. शनिवारी खंबाटकी ओलांडण्यापूर्वी साताऱ्याला एकदा पट्टी पाहा. उरलेले २०डब्ल्यू-५० मात्र काटकसर म्हणून नव्यात ओतू नका.

ऊसवाला :
ते इकडे कसबा बावड्याला आणून द्यावे, आमच्या इंजिनाला चालते.