अथणीच्या द्राक्षपट्ट्यात कमी हस्तक्षेपाची पांढरी वाईन व्हावी का?

अथणीचा बागायतदार:
कर्नाटकातल्या अथणी तालुक्यात, जत आणि विजयपूरच्या शिवेलगतच्या कोरड्या माळावर, थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका या बिनबियांच्या द्राक्षजातींच्या बागा आहेत. त्यांतला बराच माल बेदाण्याच्या शेडमध्ये जातो. माझे मत असे आहे की, यांतील थोड्या क्षेत्रावर शेनिन ब्लाँ ही वाईनची द्राक्षजात लावून कमीत कमी हस्तक्षेपाची पांढरी वाईन आपल्या भागातच करावी. या पद्धतीत विकतचे यीस्ट न घालता सालीवरच्या आणि वाईनरीतल्या यीस्टवरच रस आंबतो, आम्ल किंवा साखर मिसळत नाहीत, बारीक गाळणी टाळतात आणि वाईन खराब होऊ नये म्हणून घालायचे गंधक, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, नाममात्र वापरतात. फ्रान्समध्ये २०२० साली मान्यता मिळालेल्या ‘व्हँ मेथोद नातुर’ या नियमावलीत त्याची कमाल मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे, तर युरोपात नेहमीच्या कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, पांढऱ्या वाईनला २०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे.

शेनिन ब्लाँ मूळची फ्रान्समधील ल्वार खोऱ्याची. दक्षिण आफ्रिकेच्या उन्हातही ती आंबटपणा धरून राहिली आणि आज तिथे सर्वांत जास्त लागवड तिचीच आहे. आपल्याकडे नाशिकलाही ती रुजली आहे. द्राक्षात आम्ल टिकले की पीएच खाली राहतो, आणि पीएच खाली असला की थोडे गंधकही पुरते. म्हणूनच या वाईनचा निर्णय टाकीत नव्हे, बागेत होतो असे मी ठामपणे मानतो.

निपाणीचा वाचक:
आपला उत्साह पटतो, निष्कर्ष पटत नाही. ऑक्टोबर छाटणीचा माल आपल्याकडे ऊन तापू लागल्यावरच हाती येतो. साखर भरेपर्यंत मॅलिक आम्ल झपाट्याने उतरते आणि पीएच चढतो. अशा रसात जंगली यीस्ट मध्येच थांबले, तर उरलेल्या साखरेवर जिवाणू वाढतात आणि हाती व्हिनेगर येते. शेनिनचे घड घट्ट असतात, त्यामुळे अवकाळी पावसात आतून कूज लागते. केवडा आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी आपण ज्या फवारण्या करतो, त्यांचा प्रश्न वेगळाच आहे: भुरीसाठी फवारलेले गंधक काढणीपर्यंत सालीवर राहिले, तर आंबताना कुजलेल्या अंड्यासारखा वास सुटतो. नाशिकच्या मोठ्या वाईनरी थंड टाक्या आणि निवडक यीस्ट वापरतात, ते हौस म्हणून नव्हे.

चिकोडीची वाचक:
नवी जात कशाला? थॉमसन उभीच आहे, तिचीच वाईन करून पाहावी.

अथणीचा बागायतदार:
ताई, थॉमसनला स्वतःचा असा सुगंध फारसा नाही, आणि गोडी भरली की आंबटपणा उरत नाही. शिवाय मणी फुगवण्यासाठी आपण तिला जिबरेलिक आम्ल देतो. जिथे काहीच मिसळायचे नाही, तिथे द्राक्षाचा हा उणेपणा झाकायला काही उरत नाही.

निपाणीकरांच्या हरकती गंभीर आहेत आणि त्यांची उत्तरे कामाच्या पद्धतीत आहेत. घड पहाटे तोडावेत, २० ते २१ ब्रिक्सवरच (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) काढणी करावी, रस तातडीने थंड करावा, साखर पूर्ण संपेपर्यंत आंबवावे आणि बाटली भरताना थोडे गंधक द्यावे. भुरीची शेवटची गंधक फवारणी काढणीच्या बरीच आधी थांबवावी लागेल, हेही मान्य. थंड टाकीला माझा विरोध नाही. रस थंड ठेवल्याने त्यात बाहेरचे काही मिसळत नाही.

निपाणीचा वाचक:
पद्धत पाळता येईल असे गृहीत धरले, तरी हिशेब उरतो. थॉमसनचा दर पडला तर शेतकरी माल शेडवर नेतो आणि बेदाणा करून ठेवतो. शेनिनचे मणी लहान आणि बियांचे असल्यामुळे ते ना खाण्याच्या बाजारात चालतात, ना बेदाण्याला. वाईनरीने पाठ फिरवली तर त्या मालाला दुसरी वाट नाही. कर्नाटकाने २००७ साली द्राक्ष प्रक्रिया आणि वाईन धोरण आणले खरे, पण धोरण घड विकत घेत नाही. रोपे लावण्याआधी, दर आणि ब्रिक्स लिहिलेला खरेदी करार कोणत्या वाईनरीकडून मिळणार आहे, ते आपण सांगावे.