नुसतं चालणं पुरत नाही
उतारवयात 'पाय कमजोर होतात म्हणून तोल जातो, रोज चाला' असं सांगितलं जातं. अर्धंच बरोबर आहे. साठीनंतर ताकदीच्या आधी घसरतो तो ताकद लावण्याचा वेग. मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी कमी होतात, आणि स्नायूंमधले झटक्यात आकुंचन पावणारे तंतू सर्वात जास्त बारीक होतात. ठेच लागल्यावर पाऊल पटकन पुढे टाकायचं काम याच तंतूंचं. संथ चालण्यात त्यांना फारसं कामच पडत नाही!

त्यासाठी खुर्चीवरून उठबस करा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घ्या, झटकन उठा आणि ३-४ सेकंद घेत हळू बसा. ८-१० वेळा, आठवड्यातून २-३ दिवस. उठता येत नसेल तर पावलं फार पुढे नाहीत ना, ते बघा. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. श्वास रोखू नका, आणि शेवटी धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया.

तोल जाण्याचं दुसरं कारण, तळपायाची आणि घोट्याची कमी झालेली संवेदना. घोट्यापाशी कंपनं कमी जाणवणं वयानुसार होतंच, ती उणीव डोळे भरून काढतात. म्हणून अंधारात तोल जास्त जातो. रात्री पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा हवाच. मात्र एकाच बाजूचा हात चालताना न हलणं किंवा हात स्वस्थ असताना थरथरणं, हे वयाच्या खात्यावर टाकू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.