मदत हवी आहे: फ्लोरिडात ५५ प्लस पार्कमधलं घर घ्यावं का?

मंडळी, ह्यांच्या रिटायरमेंटनंतर न्यू जर्सी सोडून टँपाजवळ ५५ प्लस पार्कमध्ये (५५ आणि पुढच्या वयाच्यांसाठीची वसाहत) मॅन्युफॅक्चर्ड होम, म्हणजे कारखान्यात बनवून आणून बसवलेलं घर, घ्यायचं चाललंय, घर आपलं पण खालची जमीन पार्कवाल्याची, तिचं लॉट रेंट दर महिन्याला वेगळं. घर छान आहे हो, मागे जाळीचा पोर्च, तुळशीला ऊनपण भरपूर! पण फ्लोरिडात चॅप्टर ७२३, म्हणजे अशा पार्कांसाठीच्या राज्याच्या कायद्याप्रमाणे, भाडेवाढीची ९० दिवस आधी नोटीस द्यावी लागते एवढंच, किती वाढवायचं त्याला ठरलेली मर्यादा नाही, मग पेन्शनीत कसं बसवायचं? घर उचलून दुसरीकडे न्यायचं तर केवढा खर्च. प्रॉस्पेक्टस (पार्कच्या भाड्याची नि नियमांची माहिती देणारा कागद) हातात आलाय, त्यात नेमकं काय बघू? नातवंडं सुट्टीत किती दिवस राहिलेली चालतात? आणि उद्या विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळतं का? कोणी राहत असाल तर प्लीज सांगा, एजंट काय, गोडच बोलणार.