आजारी म्हाताऱ्या माणसाला "जमेल तुम्हाला" म्हणायचं की गुपचूप करून द्यायचं?

लालबागची लेक
घरात यावरून रोज खटके उडतात म्हणून विचारतेय, आणि माझं मत आधीच सांगून टाकते. बाबांना पार्किन्सन्स आहे. शर्ट घालायला बसले की बटण काजापर्यंत येतं, अंगठा थरथरतो, बटण सटकतं, परत पहिल्यापासून. आईला बघवत नाही, ती पुढे होऊन पटापट लावून मोकळी होते, दादाने तर टीशर्टच आणून ठेवलेत. माझं म्हणणं, लावू देत ना त्यांना, अर्धा तास लागला तर लागला. गिरणीत साचे चालवलेला माणूस आहे, ८२ च्या संपात घर ओढलंय त्यांनी, आता त्यांच्या हातातनं एकेक काम काढून घ्यायचं आणि वर म्हणायचं आम्ही काळजी घेतो, हे मला पटत नाही. वापर सुटला की हात आखडत जातो हे डॉक्टरही सांगतात. थांबा, धीर द्या, जमेल म्हणा. तुम्हाला काय वाटतं?

भांडुपची सून
सॉरी पण नाही पटलं. हा अर्धा तास कुणाचा जाणार ते पण लिहा की. माझ्या सासूबाईंना स्ट्रोक झालाय, उजवी बाजू गेलीये. आमच्याकडे पाणी सकाळी ठरलेल्या वेळेलाच येतं, तेवढ्यात भरून ठेवायचं, त्यांची आंघोळ, डबे, पोराची शाळा आणि मग मी स्टेशन गाठणार. त्यात "आई तुम्हीच तांब्या घ्या, जमेल" म्हणत उभी राहिले तर लेटमार्क मला लागतो. मी भराभर आंघोळ घालते, अंग कोरडं करते, पावडर लावते, डाव्या हातात चहा देते. हे प्रेम नाही का?

लालबागची लेक
प्रेम नाही असं कुठे म्हटलं ताई. पण स्ट्रोकनंतर पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यात जास्त सुधारणा होते ना, तेव्हाच तो हात वापरायला लावायला हवा. नंतर कितीही वेळ मिळाला तरी ते महिने परत येत नाहीत.

भांडुपची सून
माहितीये हो मला. माहिती असून वेळ नसणं काय असतं ते पण मला माहितीये.

गिरगावचे आजोबा
मी स्वतः पार्किन्सन्सचा पेशंट आहे, टाईप करायला वेळ लागतो तरी लिहितो कारण आमच्याबद्दल चाललंय आणि आम्हाला कोणी विचारत नाहीये. लेकी, तुझ्या बाबांना बटण येतं की नाही याचं उत्तर वेळेवर अवलंबून आहे. सिंडोपाचा, म्हणजे या आजारावरच्या गोळीचा, अंमल असतो तेव्हा मी दाढी करतो, पेपरची घडी घालतो. अंमल उतरला की हात माझा राहत नाही. त्या वेळी मला "जमेल हो बाबा" म्हटलेलं ऐकवत नाही, कारण नाही जमत, आणि समोरचा आशेने बघत उभा असतो. आणि जमत असताना कोणी येऊन करून दिलं तर तोही अपमान वाटतो. दुसरं, आमचा चेहरा हलत नाही. या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठ होतात. सूनबाईला वाटायचं मी रागावलोय म्हणून ती बोलायचीच कमी, तिला हे कळल्यावर घरातलं वातावरण बदललं. तिसरं, दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटतात, तेव्हा मागून "चला चला" केलं की आणखी चिकटतात. नातवाने फरशीवर रंगीत टेपच्या पट्ट्या आडव्या मारल्यात, पट्टी दिसली की ती ओलांडायला पाय आपोआप उचलतो. त्याने मला एकदाही जमेल म्हटलं नाही, पट्ट्या मारल्या.

परळची फिजिओ
आजोबा अगदी बरोबर बोललात. पट्टी, तोंडाने एक-दोन-एक-दोन मोजणं, ताल, यांनी अडकलेलं पाऊल सुटतं, ओढल्याने तोल जातो. लालबागच्या ताई, गोळी जेवणाबरोबर देताय का ते बघा. वरण, दूध, अंडी, पनीर यातलं प्रोटीन या गोळीच्या आड येतं, म्हणून शक्यतो जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायला सांगतात. पण वेळ बदलायची तर न्यूरोलॉजिस्टला विचारूनच, आणि मनाने बंद तर अजिबात करू नका. भांडुपच्या ताई, तुम्ही सगळी आंघोळ सासूबाईंवर सोडू नका, फक्त तोंडाला साबण त्यांनी लावायचा, उजव्या हाताला डाव्याचा आधार देऊन. बाकी तुम्ही उरका.

मुलुंडकर
मला दोन्हीकडचं थोडं खटकतंय. माझ्या आईने ८३ व्या वर्षी सांगितलं, मला आता व्यायाम नको, मी दमले. बहीण तुमच्यासारखीच, आई तू करू शकतेस, अजून दहा पावलं, अजून दहा. आई रडायची. शेवटी आम्ही फिजिओ बंद केला, आता सकाळी खिडकीत खुर्ची टाकतो, ती खालची भाजीवाली बघत बसते, आम्ही पाय चेपून देतो. माणसाला थांबायचा हक्क आहे की नाही? दरवेळी उभारी द्यायलाच पाहिजे का?

परळची फिजिओ
हक्क आहेच. फक्त "नको" कुठून येतंय हे आधी बघायला हवं. म्हातारपणातलं डिप्रेशन घरच्यांना वय झालं म्हणून चालून जातं, आणि पार्किन्सन्समध्ये तर ते आजाराचाच भाग असू शकतं, त्यावर उपचार होतात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, काळजी घेणाऱ्यांनीही फोन करावा.

मुलुंडकर
डॉक्टरांनी तेही तपासलं होतं, गोळ्याही दिल्या, झोप सुधारली. व्यायाम तरी नकोच होता तिला. आणि आम्हाला आता ते मान्य आहे.

चाळकरी
बटणांवर एवढी चर्चा झाली, माझ्या मते खरा प्रश्न घराबाहेर पडण्याचा आहे. आमच्या चाळीत लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावरचे एक काका कटिंग प्यायला खाली यायचे बंद झाले. गुडघे ठीक होते त्यांचे. कप हलतो, चहा सांडतो, चारचौघांत लाज वाटते म्हणून. आम्ही टपरीवाल्याला सांगितलं यांना मोठ्या ग्लासात अर्धाच भरून दे, आणि जिन्याला एकजण सोबत असतो, पुढे, मागून ढकलत नाही. येतात आता. घरचे एकटे किती करणार, शेजाऱ्यांनी पण हातभार लावला पाहिजे, नाहीतर सगळं बायकांवरच पडतं, त्यात भांडुपच्या ताईंचं काही चूक नाही.

लालबागची लेक
आजोबा, तुमचं वाचून आईलाही वाचून दाखवलं. बाबांची सकाळची गोळी चहा-नाश्त्याबरोबर जाते आणि कपडे आम्ही गोळीच्या आधी बदलायला लावतो, म्हणजे नेमकं नको तेव्हा. वेळेचं डॉक्टरांना विचारते, कपडे मात्र उद्यापासून गोळी लागू झाल्यावर. त्या वेळात आईने मध्ये पडायचं नाही हे माझं म्हणणं कायम आहे. अंमल उतरल्यावर तिने लावून दिली तर मी भांडणार नाही.

भांडुपची सून
तोंडाला साबण रोज करून बघते, तेवढं होईल. आख्खी आंघोळ त्यांच्या हाताने फक्त रविवारी. बाकी दिवस मीच घालणार, आणि त्याबद्दल कोणी मला माया कमी आहे म्हणू नये.