मदत हवी आहे: प्लेगच्या साथीत मुंबईहून ठाण्याला आलेली कुटुंबं

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्याच्या खारकर आळीतले. माझे पणजोबा मुंबईत मांडवीला धान्याच्या गोदामात कारकून होते. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तो तिथेच, मांडवीत. गोदामांत आधी उंदीर मरून पडले, मग माणसं. लाखो लोकांनी मुंबई सोडली, त्यात पणजोबाही रेल्वेने ठाण्याला आले. सासऱ्यांकडून ऐकलेलं आजी सांगायची, की इथेही घरं सोडून सगळे माळावर झोपड्या बांधून राहिले. कुठल्या माळावर, ते विचारायचं राहून गेलं. आजी आता नाही, फार रुखरुख लागते.

कुणाच्या घरी त्या काळची पत्रं, रोजनिशी, हाफकिनच्या प्लेगवरच्या लसीचा दाखला आहे का? मुंबईच्या पुराभिलेखागारात ठाणे जिल्ह्याचे प्लेगचे कागद कुणी पाहिलेत का? मला मोडी येत नाही. वाचून देणारं कुणी असेल तर कृपया कळवा.